शेवटच्या वीस फुटांचं दारिद्र्य

१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादेत विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर ऑस्ट्रेलिया. डिस्ने प्लस हॉटस्टारवर एका क्षणी तब्बल ५ कोटी ९० लाख प्रेक्षक एकाच वेळी तो सामना बघत होते. इतक्या पडद्यांवर एकदम हलतं चित्र पोचवणं म्हणजे खायचं काम नाही. ज्यांनी ते केलं त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. सर्व्हर टिकले. रस्त्याखालची फायबर टिकली. इमारतीच्या डक्टमधून वर चढलेली केसाएवढी काच टिकली. आणि तरीही कितीतरी दिवाणखान्यांत ऐन षटकात पडद्यावर गोल चक्र फिरायला लागतं. शेकडो किलोमीटर बिनबोभाट आलेलं चित्र गळपटतं ते घरात शिरल्यावर, दारावरच्या राउटरपासून भिंतीवरच्या टीव्हीपर्यंतच्या वीस फुटांत.

त्या वीस फुटांत आपण काय ठेवलंय? हवा.

मग शिव्या खाते इंटरनेट कंपनी. तक्रार नोंदवली की तिकडचं उत्तर ठरलेलं: प्लॅन वाढवा, शंभरचा तीनशेचा करा. ग्राहक करतो. दरमहा जास्तीचे पैसे जातात आणि चक्र फिरायचं काही थांबत नाही. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

म्हणून आज एकच मागणी, आडपडदा न ठेवता. जी वस्तू भिंतीला बोल्टने आवळली आहे तिला वायरने जोडा. मोबाइल फिरतो, लॅपटॉप फिरतो, टॅब पोरांच्या हातात घरभर नाचतो. त्यांना वाय-फाय लागणारच. टीव्ही कुठे जातो? एकदा चढवला की तो बिघडेपर्यंत तसूभरही हलत नाही. फिरत्याला हवा, खिळलेल्याला वायर. घर बांधणारे, सजवणारे आणि त्यात राहणारे, तिघांनीही हा नियम पाळला तर घरातली निम्मी कटकट मिटेल.

*

टीव्ही टेबलावर होता तेव्हा त्याच्या मागे हातभर मोकळी जागा असायची. तो भिंतीवर गेला आणि ती जागा दोन-तीन सेंटिमीटरवर आली. टीव्हीचा वाय-फाय अँटेना बहुतेक वेळा मागच्या अंगाला असतो. म्हणजे त्याच्या एका बाजूला पडदा आणि धातूचा पत्रा, दुसऱ्या बाजूला विटा-सिमेंट. त्या भिंतीत कॉलम आला असेल तर लोखंडी सळ्याही आल्या. अशा सांदीत बसून बिचारा अँटेना राउटरचा आवाज ऐकायचा प्रयत्न करतो.

आणि राउटर कुठे? जोडणीला आलेल्या मुलाची फायबर जिथे संपली तिथे. दाराच्या वर, चपलांच्या कपाटात, नाहीतर डीबीच्या शेजारी. त्याला दिवसात पुढची घरं गाठायची असतात, त्यात त्याचा दोष नाही. पण राउटरची जागा ठरवण्याचा हक्क आपला आहे आणि आपण तो वापरतच नाही. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंत आडवी आली की लवकर दमतो. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंती जरा बऱ्या ओलांडतो, पण तिथे गर्दी मरणाची.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे नुकसान डोळ्यांत भरत नाही. आजचं स्ट्रीमिंग हुशार आहे. जोडणी लटपटली की ॲप चित्र थांबवत नाही, गुपचूप हलक्या दर्जाचं चित्र पाठवायला लागतं. हिरवळ सपाट होते, चेहऱ्यांवरचे बारकावे पुसले जातात, अंधारातल्या दृश्यात चौकोन उमटतात. चक्र फिरतं ते अगदी शेवटी, खालचा दर्जाही झेपेनासा झाल्यावर. म्हणजे ज्या घरात चक्र फिरत नाही तिथेही सारं आलबेल असेलच असं नाही. फोर-केचे पैसे भरायचे, फोर-केचा टीव्ही भिंतीवर टांगायचा आणि रोज संध्याकाळी त्याहून हलकं चित्र बघायचं, हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

खरं तर गरज थोडकी असते. फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसची जोडणी पुरे म्हणतं. शंभरच्या प्लॅनमध्ये ते सहा वेळा मावतं. टीव्हीला प्रचंड वेग नको असतो. त्याला ते पंधरा सलग हवे असतात, दर सेकंदाला, साडेआठ वाजताही आणि मिक्सर चालू असतानाही. ही खात्री वायर देते.

*

हा प्रश्न एकट्या घराचा नाही, सगळ्या सोसायटीचा आहे.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. सात मजली इमारतीत मजल्यावर चार घरं धरा. अठ्ठावीस राउटर आणि जागा तिघांची. त्यात वाय-फायचा स्वभाव असा की एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. वाय-फाय म्हणजे चाळीतला सामाईक नळ. एकाने मोठं पिंप लावलं की मागची रांग खोळंबते. रात्री जेवणाच्या वेळी इमारतीतले सगळे टीव्ही एकदम चालू होतात आणि सगळेच पिंप लावून बसतात.

वायरला ही रांग माहीत नाही. प्रत्येक वायर आपापली, आणि तिच्यातून जाणं-येणं एकाच वेळी चालतं. आपला टीव्ही वायरवर गेला की आपल्या घरातल्या मोबाइलांना मोकळी हवा मिळते, आणि भिंतीपलीकडे ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या मुलीलाही. दिवाळीत शेजाऱ्याच्या दारात फटाके लावू नयेत, हे आपल्याला कळतं. हवेतली गर्दी डोळ्यांना दिसत नाही म्हणून ती कमी करण्याची जबाबदारी संपत नाही. टीव्हीला वायर टाकणं हा शेजारधर्म आहे.

*

आता टीव्ही बनवणाऱ्यांकडे वळू. लाखभर रुपयांचे टीव्ही विकता आणि त्यांना मागे लॅनचं भोक देता १०० एमबीपीएसचं? तांब्याच्या साध्या वायरीवर १००० एमबीपीएस नेण्याचं मानक १९९९ साली झालं. केबलमध्ये वायरींच्या चार जोड्या असतात. १०० चा पोर्ट त्यातल्या दोनच वापरतो, उरलेल्या दोन तशाच पडून राहतात. ही कंजुषी अजूनही कितीतरी टीव्हींमध्ये चालू आहे, महागड्यांतसुद्धा.

यातून घरोघर एक घोटाळा होतो. हौशी माणूस वायर जोडतो आणि टीव्हीवर वेग मोजतो. आकडा येतो चौऱ्याण्णव-पंच्याण्णव. वायर काढून वाय-फायवर मोजतो, आकडा येतो दोनशे. तो निष्कर्ष काढतो की वायर कुचकामी, आणि ती गुंडाळून माळ्यावर टाकतो. असं करू नका. वेग मोजणारं ॲप दहा-वीस सेकंदांतला जोर दाखवतं. सिनेमा अडीच तास चालतो. त्या अडीच तासांत चित्राला लागतात पंधरा ते पंचवीस, आणि चौऱ्याण्णव त्याला भरपूर पुरतात. ज्यांच्या घरी स्वतःच्या हार्ड डिस्कवर फोर-के ब्लू-रेच्या मूळ दर्जाचे सिनेमे आहेत, त्यांनाच १०० चा पोर्ट अपुरा पडू शकतो, कारण त्या फाइली मधूनच शंभरच्या वर उसळतात. इतरांनी वायर लावावी आणि वेगाचे आकडे बघणं सोडून द्यावं.

तरी कंपन्यांना सांगणं आहेच. पडद्यामागे पूर्ण वेगाचा पोर्ट द्या. आणि तो पाठीत सरळ घुसणारा नको, बाजूने किंवा खालून जाणारा द्या. भिंतीवर टीव्ही टांगण्याचा ब्रॅकेट तुम्हीच विकता. त्याच्या फटीत सरळ प्लग मावत नाही, मग माणसं वायर पिळून, दाबून बसवतात आणि वर्षभरात प्लगची खिटी तुटते.

*

सगळ्यात मोठा हिशेब मात्र बिल्डरांकडे आहे.

नव्या फ्लॅटचा ताबा घ्या आणि टीव्हीची भिंत बघा. कंबरेच्या उंचीवर दोन सॉकेट आणि डिश किंवा केबलवाल्याची एक काळी वायर. हा आराखडा शोकेसमधल्या डबा टीव्हीसाठी आखलेला होता. डबा गेला, शोकेस गेली, आराखडा तोच राहिला. ब्रोशरात क्लब हाउस असतं, योगासनांचं अंगण असतं, दारावर कॅमेरा असतो. दारापासून टीव्हीपर्यंत एक रिकामा पाईप मात्र नसतो.

कागद नाहीत असं नाही. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत माहिती आणि संपर्काच्या यंत्रणेसाठी वेगळा विभाग आहे. २५ ऑक्टोबर २०२४ ला ट्रायने इमारतींना डिजिटल जोडणीवरून तारांकन देण्याचे नियम काढले. चांगलं झालं. पण रहिवाशाला फरक पडतो तो उंबरठ्याच्या आत, आणि तिथे अजूनही ज्याची त्याची मर्जी.

खर्च किती हो? भिंती उघड्या असताना, प्लास्टरच्या आधी, पाऊण किंवा एक इंची पीव्हीसी पाईप दारावरच्या खोक्यापासून टीव्हीच्या मागपर्यंत टाकायचा. फ्लॅटच्या किमतीत तो खर्च शोधूनही सापडणार नाही. तोच पाईप माणसं राहायला आल्यावर टाकायचा म्हणजे झिरी, धूळ, गवंडी, रंगारी आणि घरमालकाचा मनस्ताप. आज वायर टाकू नका वाटल्यास, पण पाईप टाका. वायरी बदलत जातील, उद्या काच येईल, परवा आणखी काही येईल. ते सगळं त्याच पाईपातून जाईल.

आणि ज्यांच्या करारात लॅन पॉइंट लिहिलेला आहे त्यांनी ताबा घेताना तो तपासून घ्यावा. प्लेट बसवलेली दिसते म्हणून मागे वायर जोडलेली असतेच असं नाही. साधा केबल टेस्टर दोन टोकांना लावा आणि आठही दिवे ओळीने लागतायत का ते बघा. कामातल्या किंवा सेवांमधल्या दोषांसाठी रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांची मुदत दिलेली आहे. मेलेला पॉइंट हाही दोषच आहे. लेखी कळवा.

*

इंटिरियरवाल्यांनाही सांगायचं आहे. "वायर दिसायला नको" ही तुमची अट रास्त आहे. दिवाणखान्यात लोंबत्या वायरी कुणालाच आवडत नाहीत. पण वायर लपवणं आणि वायर गाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅनेलिंगवर एवढा पैसा ओतता, त्याच्या मागे एक पाईप सोडायला काय हरकत आहे?

चांगलं काम कसं असतं ते ऐका. टीव्हीच्या मागून खालच्या युनिटपर्यंत दीड-दोन इंची पाईप भिंतीत उभा जातो. त्यातून एचडीएमआयचं डोकंही सहज उतरतं. दारावरच्या राउटरकडून येणारा लॅनचा पाईप युनिटच्या मागच्या खोक्यात संपतो. विजेचं सॉकेट आणि लॅनची प्लेट टीव्हीच्या आडोशाला बसतात, पण ब्रॅकेटच्या पट्ट्यांपासून दूर. नाहीतर ऐन वेळी प्लगच्या पुढ्यात लोखंड येतं. युनिटमध्ये पाच पोर्टचा एक लहान स्विच ठेवला की त्यातून टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आणि पोरांचा गेमचा खोका असं सगळं जोडलं जातं. त्याच स्विचला दुसरा ॲक्सेस पॉइंट लावला की आतल्या खोलीतलं मरतुकडं वाय-फायही सुधारतं. एका वायरीत इतकी कामं होतात.

भिंतीतून आलेली केबल थेट टीव्हीत खुपसायची नाही. तिचा गाभा भरीव तारेचा असतो, तो वारंवार वाकवण्यासाठी नसतो. ती प्लेटमागच्या जॅकमध्ये कायमची बसवायची आणि तिथून पुढे मऊ पॅचकॉर्डने टीव्ही जोडायचा. पॅचकॉर्ड हातभर मोकळी ठेवा, म्हणजे उद्या टीव्ही ब्रॅकेटवरून उतरवताना जीव टांगणीला लागणार नाही. आणि टीव्ही टांगण्याआधी जोडून बघा. चौघांनी उचलून चढवलेला पासष्ट इंची टीव्ही एका सैल जॅकपायी पुन्हा उतरवावा लागणं हे निव्वळ घाईचं फळ असतं.

*

बांधून झालेल्या घरांचं काय? तिथेही वाट असते, शोधणारा हवा.

ठाण्याला नौपाड्यात माझ्या मामीचं घर आहे. इमारत जुनी, भिंती भक्कम, राउटर दारावर आणि टीव्ही समोरच्या टोकाला. इलेक्ट्रिशियन आला, भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "काकू, झिरी मारावी लागेल. धूळ होणार."

"अरे, गेल्या दिवाळीलाच रंग दिलाय. दुसरं काही बघ ना बाबा."

तो भला माणूस होता. त्याने टीव्हीमागची जुनी केबलची प्लेट उघडली. आत डिजिटलच्या आधीच्या काळातली काळी कोॲक्स वायर, कशालाच न जोडलेली. त्याने ती दोन बोटांत धरून हलकीशी ओढली आणि मला दारापाशी उभं केलं. दारावरच्या खोक्यात तिचं दुसरं टोक हललं. "हलतेय का दादा?" "हलतेय." एवढ्यावर काम निम्मं झालं होतं.

पुढचं पाहण्यासारखं होतं. नव्या कॅट-६ केबलचं वरचं साल त्याने चार बोटं सोललं. आतल्या तारांचा आकडा करून तो कोॲक्सच्या टोकात अडकवला आणि वरून इन्सुलेशन टेप असा गुंडाळला की सांध्याला पुढे निमुळतं टोक आलं, कुठे कंगोरा उरला नाही. मामीकडून टाल्कम पावडरचा डबा मागून घेतला आणि केबलवर भुरभुरवला. मग दारापाशी त्याचा पोरगा केबल आत सारत राहिला आणि टीव्हीपाशी हा कोॲक्स ओढत राहिला. दोघांचा ताल एकच: "सोड... ओढतो... सोड." बेंडपाशी सांधा अडकला. त्याने जोर लावला नाही. वीतभर मागे घेतली, हातातली वायर अर्धा वेढा फिरवली आणि पुन्हा ओढली. सुळकन आली. जुनी वायर बाहेर, नवी आत, आणि भिंतीवर ओरखडासुद्धा नाही.

हे जमलं त्यामागे कारणं आहेत. ती कोॲक्स सुमारे सात मिलिमीटर जाडीची होती, नवी केबल सहाच्या आसपास. जाड निघते तिथे बारीक शिरते. आणि जोर न लावण्याचं शहाणपण मानकातही आहे: चार जोड्यांच्या केबलला अकरा किलोच्या वर ओढ देऊ नये. आतले पीळ ताणले गेले की केबल बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून बिघडते. ज्या घरात अशी मेलेली कोॲक्स पडून आहे तिथे छन्नी उचलण्याआधी ती हलवून बघा.

कोॲक्स हलत नसेल तर माळ्यावरून, पीओपीच्या आतून किंवा स्कर्टिंगच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून वायर नेता येते. भाड्याच्या घरात चपटी केबल क्लिपांवर बसवा, घर सोडताना काढून न्या.

*

बाजारातल्या लबाडीबद्दल न बोलता पुढे जाणं बरोबर नाही.

"कॅट-६" छापलेल्या पुष्कळ स्वस्त केबलींमध्ये तांबं नसतं. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. खोक्यावर कुठेतरी बारीक अक्षरात "सीसीए" लिहिलेलं असतं, किंवा तेही नसतं. अशी तार या केबलींच्या मानकात बसतच नाही. तिचा विद्युतरोध जास्त, ती दोनदा वाकवली की तुटते, आणि भिंतीत गाडल्यावर तुटली तर शोधायची कुठे? दुकानात उभ्या उभ्या पारख होते. एक तार सोला आणि पात्याने खरवडा. तांबं आतपर्यंत लाल राहतं. मुलाम्याखालून पांढरी चकाकी दिसली की केबल दुकानदाराला परत करा आणि "पूर्ण तांब्याची द्या" असं ठणकावून सांगा. टीव्हीसाठी कॅट-५ई सुद्धा पुरते, तीही शंभर मीटरपर्यंत १००० एमबीपीएस नेते. खऱ्या तांब्याची कॅट-५ई खोट्या कॅट-६ पेक्षा केव्हाही सरस.

मग येतो प्लग. आठ तारा, त्यांचा क्रम ठरलेला. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी चालतो तो टी-५६८-बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी बसते, हे नीट बघा. अर्धवट शिकलेला माणूस रंगांच्या जोड्या शेजारीशेजारी लावतो, दोन्ही टोकांना तसंच करतो आणि टेस्टरवर आठही दिवे हिरवे लागतात. तरी जोडणी रडते. कारण प्लगच्या तिसऱ्या आणि सहाव्या जागेवरून एकच संदेश जातो आणि त्या दोन तारा एकमेकींच्या पिळातल्याच असाव्या लागतात. तारांना पीळ दिला की बाहेरचा गोंगाट दोघींवर सारखा पडतो आणि वजा होऊन जातो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच पेटंट करून ठेवली. म्हणून प्लगपाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडायचा नाही आणि जोड्या फोडायच्या नाहीत. काम करणाऱ्याला हे विचारा. जाणकार कारागीर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं की कुणीतरी कामाकडे बघतंय.

*

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको.

पहिली: लॅनची केबल विजेच्या वायरींच्या पाईपात घालू देऊ नका. "जागा आहे, घालून टाकतो" हे वाक्य ऐकलं की काम थांबवा. शेजारच्या २३० व्होल्टच्या वायरीचं आवरण एखाद्या दिवशी खरवडलं गेलं तर ती वीज टीव्ही, राउटर आणि हात लावणारा माणूस यांच्यापर्यंत पोचू शकते. दोन पाईप वेगळे, त्यांत अंतर, आणि एकमेकांना ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात. तसंच, गच्चीवरून उघड्यावर लॅन केबल आणून घरात घेऊ नका. वळवाच्या विजा असल्या जोडण्यांचे पोर्ट जाळतात. बाहेरून यायची ती फायबरच यावी, तिच्या काचेतून वीज वाहत नाही.

दुसरी: झिरी मारायचीच वेळ आली तर ती विटांच्या भिंतीत. कॉलम, बीम आणि स्लॅबला ग्राइंडर लागता कामा नये. टीव्हीची सुंदर भिंत म्हणून माणसं कॉलमच्या सळ्यांपर्यंत खाच मारतात. त्या कॉलमवर आपल्या डोक्यावरची सगळी घरं उभी असतात. सोसायटीच्या सचिवांनी अशा कामाला परवानगी देताना ही अट लेखी घालावी.

*

मुंबई, ठाणे आणि पुण्यात सध्या जुन्या सोसायट्या धडाधड पुनर्विकासाला चालल्या आहेत. विकासकाशी करार होतो, सोबत सोयींची यादी जोडली जाते. त्या यादीवर सभांमध्ये रात्री-रात्री वाद होतात: फरशी दोन बाय दोनची की चार बाय दोनची, नळ कुठल्या कंपनीचे, ओट्याला कुठला दगड. हे सगळं उद्या बदलता येतं. भिंतीतला पाईप बदलता येत नाही.

तुमच्या सोसायटीचा करार अजून सहीला गेला नसेल तर पुढच्या सभेत उभे राहा आणि त्या यादीत हे कलम घालून घ्या: "प्रत्येक सदनिकेत प्रवेशद्वाराजवळच्या खोक्यापासून दिवाणखान्यातील टीव्हीची भिंत आणि प्रत्येक शयनगृह यांपर्यंत विजेच्या वायरींपासून वेगळा, किमान २५ मिलिमीटरचा पाईप, आत ओढदोरीसह, प्लास्टरपूर्वी टाकला जाईल आणि सभासदांना प्रत्यक्ष दाखवला जाईल." शेवटचे चार शब्द गाळू देऊ नका. विकासकाचा माणूस म्हणेल, "आता सगळं वायरलेस आहे, कशाला हवंय?" त्याला विचारा, त्याच्या कार्यालयातले संगणक कशावर चालतात. तिथे टेबलाटेबलाला निळी केबल जाते. जी खात्री त्याला त्याच्या धंद्यासाठी हवी असते, ती आपल्या घरासाठी मागताना संकोच कसला?